खिशातला घडीचा चाकू: कोणता घ्यावा, कितीला घ्यावा, आणि पोलिसांनी विचारलं तर?

गणपती, नवरात्र, निवडणूक असं काही जवळ आलं की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्थानिक पानांवर एक ठरलेली बातमी दिसते. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी मनाई आदेश काढला; तलवारी, भाले, चाकू, लाठ्याकाठ्या जवळ बाळगायला बंदी. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात दुसरी बातमी असते: अमुक चौकात चाकू घेऊन फिरणारा तरुण ताब्यात. हे वाचून ठिबकची नळी कापायला खिशात चाकू ठेवणारा शेतकरी विचारात पडतो. आपण कुठल्या बातमीत बसतो?

दुसरा गोंधळ दुकानात होतो. फोनवर चाकू शोधायला बसलं की ‘४४०सी’, ‘डी२’, ‘५८ एचआरसी’, ‘लायनर लॉक’ असे शब्द अंगावर येतात आणि किंमत शंभर रुपयांपासून दहा हजारांपर्यंत कुठेही असते. दिसायला सगळे सारखेच. खरं तर यातलं बहुतेक समजायला सोपं आहे आणि रोजच्या वापराला लागणारा चाकू बराच स्वस्त असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान, पातळ पात्याचा, खटका नसलेला साधा चाकू घ्या आणि उरलेल्या पैशांतून धार लावायचा दगड घ्या. असं का, ते पुढे.

आधी काम ठरवा

बाजारात जुना दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘कसाले पाहिजे भाऊ?’ चाकू निवडताना याहून कामाचा प्रश्न नाही.

आपल्याकडे दिवसभरात खिशातला चाकू काय कापतो ते आठवून बघा. खताच्या गोणीची शिवण. सुतळी. उंदरांनी किंवा खारींनी कुरतडलेली ठिबकची लॅटरल, जिचा फुटका तुकडा कापून जोडणी टाकायची असते. केळीच्या घडाला आधार दिलेली प्लास्टिकची पट्टी. कुरियरचं खोकं. बांधावर बसून खाल्लेला पेरू, उन्हाळ्यात टरबूज. दुकानात असाल तर दिवसभर चिकटपट्ट्या. ऑफिसात असाल तर पाकिटं, आणि डब्यासोबत आणलेला कांदा. यातल्या एकाही कामाला सात सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. टरबुजाला लागतं म्हणा, पण त्याला घरची सुरी आहे.

केळीचा घड उतरवणं, पिल्लं कापणं, पऱ्हाट्या तोडणं, निंबाची फांदी छाटणं ही कोयत्याची आणि विळ्याची कामं. ती घडीच्या चाकूने करू गेलात की मधला खिळा ढिला होणार, आणि त्यानंतर तो चाकू कुठल्याच कामाचा राहत नाही. ‘मोठा घेतला तर दोन्ही होईल’ हा हिशेब इथे चुकतो. मोठा चाकू खिशात टोचतो म्हणून घरी राहतो, आणि कोयत्याचं काम त्याला तरीही जमत नाही.

पात्याची लांबी सहा ते साडेसात सेंटिमीटर, मिटल्यावर एकूण आठ-नऊ सेंटिमीटर. या मापाचा चाकू शर्टाच्या खिशात आडवा मावतो.

घडी उघडी कशी राहते?

घडीच्या चाकूत पातं एका खिळ्याभोवती फिरतं आणि मुठीत जाऊन बसतं. प्रश्न एवढाच, की उघडल्यावर ते उघडं कसं राहतं? चाकूचे प्रकार पडतात ते इथेच.

सगळ्यात जुना आणि साधा प्रकार कमानीचा. मुठीच्या पाठीत पोलादी कमान असते, ती पात्याच्या बुडावर दाब देते. उघडताना ‘टक्’ आवाज येतो आणि पातं दाबाने जागेवर बसतं. इथे कुलूप नाही, नुसता दाब आहे, म्हणून मिटताना जरा जोर लावला की पातं आत जातं. लाल मुठीचे स्विस चाकू बहुतेक याच प्रकारचे. गावच्या बाजारात मिळणारा फळं कापायचा घडीचा चाकूही हाच.

दुसरा प्रकार कड्याचा. फ्रान्समधल्या साव्हॉय भागात १८९० साली सुरू झालेल्या ओपिनेलचा चाकू म्हणजे लाकडी मूठ, पातळ पातं आणि खिळ्याजवळ फिरणारं लोखंडी कडं. कडं फिरवलं की पातं अडकतं. हे कडं १९५५ मध्ये आलं, त्याआधी तोही साधाच होता. तिसरा प्रकार लायनर लॉकचा. मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. मिटताना ती अंगठ्याने बाजूला ढकलावी लागते. चौथ्यात मुठीच्या पाठीवर दाबायचा दांडा असतो.

लॉक असलेला चाकू जास्त सुरक्षित, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. महागड्या चाकूबाबत ते बरोबर आहे. दोनशे रुपयांच्या चाकूतलं लॉक मात्र मला धोक्याचं वाटतं. पट्टी पातळ असते, नीट टेकत नाही, आणि चाकू हातात असलेला माणूस लॉकच्या भरवशावर जोर लावतो. कमानीच्या चाकूत लॉक नाही हे वापरणाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळे तो पात्याच्या पाठीवर दाब देत नाही. टोकाने भोसकायचं नाही, कापताना ओढून कापायचं. स्वस्तात घ्यायचा असेल तर कमानीचाच घ्यावा.

आता खटक्याचा चाकू. बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर. हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या हातात जो असायचा तो. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावावरून त्याला रामपुरी म्हणतात. तो घेऊ नका. खटक्यात ताकदवान स्प्रिंग असते, ती खिशातही उघडू शकते. दुसरं कारण कायद्याचं.

कायदा नेमकं काय म्हणतो?

इथे दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक ते एकात मिसळतात.

पहिला शस्त्र अधिनियम, १९५९. त्यात ‘शस्त्र’ म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली अथवा तशी करून घेतलेली वस्तू. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत तलवारी, खंजिरांबरोबर चाकूंचंही माप दिलं आहे: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असणारी हत्यारं. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून पुन्हा वगळली आहेत. ९ इंच म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर. आपण बोलतोय सात सेंटिमीटरबद्दल.

पण याच कायद्याच्या कलम ४ नुसार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून वेगळे नियम लावता येतात. दिल्लीत १९८० पासून तसे आहेत. तिथे खटक्याचे, बटणाचे चाकू आणि ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद पात्याचे चाकू अधिसूचनेत येतात. भुसावळहून दिल्लीची गाडी पकडणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. सात सेंटिमीटरचा आग्रह मी धरतो त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. बातमीत दिसणारा ‘कलम ३७’ तो हाच. या कलमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी, ठरावीक भागात शस्त्रं, चाकू, काठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला मनाई करू शकतात. आदेश सहसा पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात. शस्त्र अधिनियमातली इंचांची मापं इथे कामाला येत नाहीत. आदेशात चाकू म्हटलं असेल तर लहानसा चाकूही चाकूच. आदेश मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा. तेव्हा आदेश चालू असताना गावात, बाजारात, मिरवणुकीत जाताना चाकू घरी किंवा शेतातल्या खोलीवर ठेवावा. ‘साहेब, माझा तर दोन इंचाचाच आहे’ हे सांगायची वेळच येऊ देऊ नये.

आदेश नसताना काय? कागदावर कमानीचा लहान चाकू अडचणीचा नाही. प्रत्यक्षात चौकात थांबवणारा पोलीस मोजपट्टी घेऊन उभा नसतो. तो बघतो, तुम्ही कोण, कुठे निघालात, चाकू दिसतो कसा. काळ्या रंगाचा, दातेरी पाठीचा, दोन्ही बाजूंनी धार असलेला, कमरेला क्लिपने लटकवलेला चाकू आणि लाल किंवा लाकडी मुठीचा, ज्यात बाटली उघडायचं साधनही आहे असा चाकू, या दोन्हींची धार सारखी असली तरी समोरच्याच्या मनात त्यांचा अर्थ वेगळा होतो. हे न्याय्य आहे की नाही हा वेगळा विषय. पण निवडताना विचारात घ्यावं लागतं.

‘पण स्वसंरक्षणासाठी हवा असेल तर?’

हा आक्षेप हमखास येतो, विशेषतः मुलगी शिकायला पुण्याला निघाली की. वर दिलेली व्याख्या पुन्हा वाचा: ‘बचावासाठी हत्यार म्हणून’. खिशातला चाकू बचावासाठी आहे असं ज्या क्षणी तुम्ही सांगता, त्या क्षणी तुम्हीच त्याला अवजारातून शस्त्रात नेता. शिवाय घाबरलेल्या माणसाला सात सेंटिमीटरचं पातं दोन्ही हातांनी उघडायला वेळ लागतो, आणि समोरचा ताकदवान असेल तर तो हिसकावूनही घेतो. कमानीचा चाकू जोरात खुपसला तर आपल्याच बोटांवर मिटतो. मुलीच्या फोनमध्ये ११२ क्रमांक आणि सोबत मोठ्या आवाजाची शिट्टी, हे चाकूपेक्षा बरं.

पोलादाचे आकडे: किती समजून घ्यायचे?

चाकूच्या जाहिरातीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते याबद्दल. थोडं समजून घेतलं की पुरतं.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. साध्या खिळ्यात कार्बन फार कमी असतो, म्हणून तो वाकतो. चाकूच्या पात्यात साधारण अर्धा ते दीड टक्का असतो. कार्बन असला की तापवून एकदम थंड केल्यावर पोलाद कडक होतं. लोहार यालाच पाणी देणं म्हणतो. त्यात क्रोमियम घातलं की गंज कमी धरतो. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. कमी गंजणारं असा त्याचा अर्थ. अजिबात न गंजणारं असा नाही.

आता कडकपणा. तो मोजायला हिऱ्याचं टोक ठरावीक भाराने पोलादावर दाबतात आणि खळगा किती खोल पडला ते बघतात. त्या आकड्याला रॉकवेल सी किंवा एचआरसी म्हणतात. आकडा जितका मोठा, पोलाद तितकं कडक. मग सगळ्यात मोठा आकडा घ्यावा का? कळण्याची भाकरी आठवा. ताजी मऊ भाकरी दुमडते पण तुटत नाही. तव्यावर वाळवून कडक केली की दुमडायला जाताच तुकडा पडतो. पोलादाचंही तसंच. मऊ पात्याची धार लवकर वळते आणि बोथट होते, पण मोडत नाही. फार कडक पात्याची धार टिकते, पण जोर पडला की तिचे टवके उडतात, आणि एकदा बोथट झाली की घरच्या दगडावर लावता लावता हात दुखतात.

स्वयंपाकघरातल्या स्वस्त सुऱ्या ५२-५४ च्या आसपास असतात. स्विस खिशातले चाकू साधारण ५५-५६. ओपिनेलचं स्टेनलेस पातं ५७-५८. मध्यम किमतीच्या चिनी चाकूंत दिसणारं ‘८सीआर१३एमओव्ही’ नावाचं पोलाद ५७-५९. ‘डी२’ साठच्या घरात. त्यात दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम, त्यामुळे धार खूप टिकते, पण घाम लागून तसाच राहिला तर गंजाचे ठिपके येतात. रोजच्या वापराला ५५ ते ५८ भरपूर झालं. माझा कल ५६ कडे आहे, कारण तो चाकू कपाच्या बुडावरही धारेला येतो.

स्वस्त चाकूंवर ‘४२०’ हा आकडा वारंवार दिसतो. आपल्याकडे चारसोबीस म्हटलं की वेगळंच डोळ्यासमोर येतं, पण हे पोलाद फसवं नाही. कार्बन कमी, म्हणून मऊ. गंज जवळपास नाही. चांगलं पाणी दिलं असेल तर फळाला, सुतळीला छान चालतं. फसवणूक होते ती ‘४४०’ एवढंच लिहिलेल्या पात्यात. ४४० चे ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि त्यांच्या कार्बनमध्ये बराच फरक आहे. अक्षर लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. पात्यावर मोठ्या परदेशी कंपनीचं नाव आणि किंमत दीडशे रुपये असेल, तर नाव खोटं आहे हे सांगायला नकोच.

एक चाचणी मात्र विसरून जा. भांड्यांच्या दुकानात बरेच जण चुंबक लावतात: चिकटलं तर स्टेनलेस नाही. ताटवाट्यांच्या स्टीलपुरतं त्यात तथ्य आहे, कारण त्यात निकेल असतं आणि त्याला चुंबक फारसं चिकटत नाही. चाकूचं स्टेनलेस पाणी देऊन कडक होणारं, वेगळ्या जातीचं असतं. त्याला चुंबक चिकटतंच. उलट चिकटलं नाही तर संशय घ्या.

केळीचा चीक आणि साधं पोलाद

आपल्या भागासाठी थोडं वेगळं सांगावं लागतं. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागेत चाकू वापरणाऱ्याला माहीत आहे की केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही. त्यात टॅनिन असतं, आणि ते साध्या, बिनक्रोमियमच्या पोलादावर लागलं की पातं काळं पडतं. लिंबू, कैरी, चिंच यांच्या आंबटपणानेही पात्यावर डाग पडतात. हा काळा थर म्हणजे गंज नाही. तो बसल्यावर तांबडा गंज थोडा कमीच धरतो. जुन्या विळ्यांचा रंग तसाच असतो. पण त्या पात्याने पेरू कापला तर फोडीला लोखंडाची चव लागते, आणि घरातले लोक तो चाकू बघून नाक मुरडतात.

म्हणून बागेत वापरायचा असेल तर स्टेनलेस घ्या. साध्या पोलादाची धार लवकर लागते, छान लागते, हे खरं. ज्याला रोज पातं पुसून तेलाचा हात फिरवायची सवय आहे त्याने ते जरूर घ्यावं. बाकीच्यांचा चाकू पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात लाल होईल.

लाकडी मुठीबद्दलही सांगायला हवं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आवळलं जातं, उघडता उघडता नख तुटायची वेळ येते. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात तेच लाकूड आकसून ढिलं होतं. खिळ्याजवळ जवसाचं किंवा खोबऱ्याचं तेल मुरवलं की बराच फरक पडतो. प्लास्टिकच्या मुठीला यातलं काही लागत नाही.

आकड्यांपेक्षा जाडी बघा

पोलादाच्या नावावर दहा मिनिटं बोलणारा विक्रेता पात्याच्या जाडीबद्दल गप्प असतो. खरं तर कापणं सोपं की अवघड हे बरंचसं जाडीवर ठरतं. धार कितीही तीक्ष्ण असली तरी धारेच्या मागून जाड पोलाद आलं की ते पाचरीसारखं अडकतं. पेरू कापला न जाता फुटतो.

खिशातल्या चाकूचं पातं पाठीकडे दीड ते दोन मिलिमीटर असावं आणि तिथून धारेपर्यंत एकसारखं निमुळतं होत यावं. ‘टॅक्टिकल’ म्हणून विकले जाणारे चाकू तीन-चार मिलिमीटर जाड असतात. हातात घेतले की वजनदार, भक्कम वाटतात. कांदा कापायला घेतला की कळतं. दुकानात मोजायचं असेल तर पात्याच्या पाठीला एक रुपयाचं नाणं लावून बघा. नाण्यापेक्षा पातं फार जाड दिसलं तर दुसरा चाकू मागा.

किती पैसे, कुठे?

आठवडे बाजारात, यात्रेत, बोहऱ्याच्या दुकानात साध्या कमानीचा चाकू शंभर-दोनशेत मिळतो. त्यातले काही खूप चांगले निघतात, काही अगदीच टाकाऊ, आणि दोन्ही एकाच खोक्यातून येतात. इथे किमतीपेक्षा निवड महत्त्वाची. त्यावरच्या टप्प्यात हजाराच्या आसपासचे चिनी कंपन्यांचे चाकू येतात. त्यांत सॅनरेनमु, गँझो ही नावं खऱ्या कंपन्यांची आहेत आणि काम स्वच्छ असतं, फक्त बहुतेक लॉक असलेले आणि दिसायला जरा आक्रमक. त्यापुढे व्हिक्टोरिनॉक्स (लाल मुठीचे स्विस चाकू बनवणारी कंपनी) आणि ओपिनेलचे लहान चाकू. आयातीमुळे त्यांच्या किमती दुकानागणिक बदलतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा सगळ्यात लहान चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो. त्याचं पातं करंगळीपेक्षाही लहान आहे, ऑफिसच्या कामाला तो पुरतो, गोणीला नाही. शेतासाठी ८४ किंवा ९१ मिलिमीटरचा घ्यावा. हे माप मिटलेल्या चाकूचं, पातं त्याहून लहान असतं. ओपिनेलमध्ये ६ क्रमांकाचं पातं ७ सेंटिमीटरचं आहे. सगळीकडे दिसणारा ८ क्रमांक साडेआठचा, खिशाला जरा मोठा.

शंभर-दोनशेचा घेताना एकच चाकू बघून घेऊ नका, पाच-सहा काढायला सांगा. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. खिळ्यात खडखड असेल तर ठेवून द्या. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का, टोक बाहेर डोकावतं का, हे बोट फिरवून नाही, डोळ्यांनी बघा. कमानीचा ‘टक्’ आवाज स्वच्छ यायला हवा. उघडलेला चाकू उजेडाकडे धरला की कमान आणि पातं जिथे भेटतात तिथून फट दिसता कामा नये. धार दोन्ही बाजूंनी सारखी घासली आहे का? आलेली धार बोथट असली तरी चालेल, ती लावता येते. वाकडी घासलेली असेल तर तुमचं पातं महिनाभर घासण्यात संपेल.

‘मग वीस रुपयांचा कटर काय वाईट?’

काहीच वाईट नाही. खोकी आणि चिकटपट्ट्या हेच काम असेल तर तुकडे मोडत जाणारा कटरच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. पातं बोथट झालं की टोक मोडायचं, नवी धार तयार. अडचण दोन ठिकाणी येते. कटरचं पातं फार पातळ असतं, ठिबकची नळी कापताना जरा तिरकं झालं की तुकडा उडतो, कधी डोळ्याकडे. आणि मोडलेले तुकडे शेतात पडले तर बैलाच्या किंवा माणसाच्या पायात जातात. फळ कापायलाही तो बरा नाही, पात्याला कारखान्याचं तेल असतं.

धार: सगळा खेळ इथे आहे

सायकलवर चाक घेऊन फिरणारा धारवाला विळ्या-सुऱ्यांसाठी ठीक. खिशातल्या पातळ पात्याला मात्र त्याच्या फिरत्या दगडापासून जपावं. ठिणग्या उडतात म्हणजे पोलाद तापतंय. पातळ धार क्षणात तीनशे अंशांपर्यंत जाऊ शकते आणि निळसर होते. निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. मग ‘नवा चाकू पण धारच टिकत नाही’ ही तक्रार सुरू होते.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, दुसरी मऊ. चाकूपेक्षा तो स्वस्तात येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. दगडावर पाणी टाका. पातं दगडावर उभं धरा, म्हणजे काटकोन झाला. ते अर्ध्यावर झुकवा, पंचेचाळीस अंश. पुन्हा अर्ध्यावर, साडेबावीस. त्याहून किंचित खाली आणा, हाच कोन. आता दगडावरून पातळ साल काढताय अशा तऱ्हेने पातं पुढे न्या, बुडापासून टोकापर्यंत. एकाच बाजूने करत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखरीत किनार उलटून आल्यासारखी बोटाला लागत नाही. बोट धारेवरून लांबीने फिरवायचं नाही, पात्याच्या सपाट अंगावरून धारेबाहेर घसरवायचं. ती किनार आली म्हणजे धारेपर्यंत पोचलात. आता दुसरी बाजू, मग मऊ दगडावर दोन्ही बाजू हलक्या हाताने. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, दहा-वीस वेळा ओढा.

बहुतेकांची धार लागत नाही ती कोनामुळे. प्रत्येक फेरीत मनगट थोडं वर उठतं आणि धार गोल होते. यावर जुना उपाय म्हणजे धारेच्या कडेवर काळ्या मार्करने रेघ मारायची आणि दोन-चार वेळा घासून बघायचं. रेघ धारेच्या अगदी कडेपर्यंत सगळी सारखी पुसली गेली तर कोन बरोबर. वरच्या बाजूला पुसली तर पातं फार झोपवलंय.

दगड नसेल तर चहाच्या चिनी मातीच्या कपाचं बूड बघा. खाली बिनचकाकीचं खरखरीत कडं असतं, ते मऊ दगडाचं काम करतं. धार लागली का, हे वर्तमानपत्राचा कागद हातात लटकता धरून कापून बघा. फाटला तर अजून घासायचंय.

मुलांच्या हाती द्यावा का?

दहा-अकरा वर्षांच्या पोराला घरी, मोठ्यांसमोर पेरू कापायला शिकवावं असं मला वाटतं. न शिकता तो कधी तरी लपून हाताळणारच. कापायचं ते आपल्यापासून दूर, मांडीवर ठेवून नाही. पडणारा चाकू झेलायचा नाही. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. दप्तरात मात्र कधीच नाही, अगदी पेन्सिलीला टोक करायलाही. शाळेत सापडला तर प्रकरण पालकांच्या हातात राहत नाही.

जवळ ठेवताना

पॅन्टच्या खोल खिशात ठेवलेला चाकू मोटारसायकलवर बसताना जांघेत रुततो. शर्टाच्या खिशातला विहिरीत वाकून बघताना पडतो. मुठीला असलेल्या कडीत दोरी ओवून ती आतल्या बाजूने बांधली की दोन्ही टळतं. उन्हाळ्यात घामाचं मीठ खिळ्यात जाऊन बसतं, म्हणून महिन्याकाठी कोमट पाण्यात उघड-मीट करून धुवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि खिळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. ज्याने फळ कापता त्या पात्याला खोबरेल पुरे.

कोर्ट, जिल्हाधिकारी कार्यालय, मॉलचं दार असं कुठे जायचं असेल तर आधीच काढून ठेवा. विमानात हातातल्या पिशवीत कुठलाही चाकू चालत नाही, मग तो किल्ल्यांच्या जुडग्यातला का असेना. जळगाव विमानतळावरून जाताना तो आधीच मोठ्या, चेक-इन होणाऱ्या बॅगेत टाकावा, नाहीतर तपासणीच्या टेबलावर सोडून जावं लागतं.